फळ्यांची वाट, दगडांचं गाव

उत्तर आणि मध्य पोर्तुगालच्या ग्रामीण भागात गेल्या दहा वर्षांत एक साथ पसरली आहे, लाकडी वाटांची. पोर्तुगीजमध्ये या वाटेला ‘पासादीसु’ म्हणतात. नदीच्या उतारावर खांब रोवायचे, त्यांवर औषध मुरवलेल्या पाइनच्या फळ्या ठोकायच्या, एका अंगाला कठडा आणि चढ लागला की जिना. एका नदीवर हा प्रयोग गाजला आणि मग आपल्या ओढ्यालाही तसंच काहीतरी हवं, असं एकेका नगरपालिकेला वाटू लागलं. युरोपीय निधी मिळतो, फीत कापता येते, ड्रोनमधून फोटो झकास येतो.

पहिली वाट बरोबर होती. तिच्या नकला बहुतेक ठिकाणी चुकतात, आणि नकलेवर खर्च होणारा पैसा नदीकाठच्या जुन्या बांधकामांच्या तोंडचा घास असतो. पाणचक्क्या, पाट, गडगे, शेताच्या ताली, दगडी पूल ही ती बांधकामं. पाहुणा नदीकाठी येतो तो याच गोष्टींसाठी, आणि त्या सांभाळणारी माणसं गावात उरली नाहीत तर फळ्यांवरून चालत जाऊन बघायला फक्त निलगिरीचं रान राहील.

मूळ प्रयोग पाइव्हा नदीवरचा, आरोका तालुक्यातला, पोर्तोच्या दक्षिणेला. जून २०१५ मध्ये नदीच्या डाव्या काठाने ८.७ किलोमीटरची ही वाट खुली झाली. खालचं टोक एस्पिऊंका, वरचं आरेइन्यु, मध्ये वाऊ नावाचा नदीकाठचा पुळणीचा तुकडा. दरी इतकी अरुंद आणि कडे इतके उभे की पूर्वी या टप्प्यात सलग पायवाट नव्हतीच; नदी दिसायची ती हिवाळ्यात पुराच्या पाण्यात होड्या घालणाऱ्यांना. इथे फळ्यांना पर्याय नव्हता. खडक फोडून रस्ता केला असता तर ज्या घळीसाठी लोक येतात तीच घळ गेली असती. आरोका हा युनेस्कोचा जिओपार्क, म्हणजे भूशास्त्रीय वारशासाठी मान्यता मिळालेला प्रदेश. वाटेवर खडकातला भ्रंश, म्हणजे खडक तुटून सरकल्याची भेग, उघडा दिसतो, आग्येइराशचा धबधबा समोरच्या कड्यावरून कोसळताना दिसतो, आणि जवळच्या कानेलाशच्या पाटीच्या दगडांच्या खाणीत ट्रायलोबाइट या कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या कवचधारी समुद्री प्राण्याचे जीवाश्म सापडतात. त्यांतले काही सत्तर सेंटिमीटरपर्यंतचे, म्हणजे जगातल्या सर्वांत मोठ्या ट्रायलोबाइटांत मोडावेत असे.

जाणाऱ्याने एवढं लक्षात ठेवावं. आरेइन्युकडून निघालं तर मोठा जिना सुरुवातीलाच लागतो, पाचशेच्या वर पायऱ्या, आणि मग बहुतेक उतारच. एस्पिऊंकाकडून निघालं तर तोच जिना शेवटी, उन्हाने आणि चालण्याने गुडघे बोलायला लागल्यावर. एका बाजूने चालायला अडीच तास पुरतात. परत चालत यायचं नसेल तर दोन्ही टोकांना टॅक्सी मिळते. तिकीट आधी काढावं लागतं, कारण रोजच्या संख्येला मर्यादा आहे. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी घळीत वारा पडतो आणि बऱ्याच टप्प्यात सावली नसते. पाणी दोन लिटर तरी हवं. पावसानंतर फळ्यांवर शेवाळ धरतं, तेव्हा गुळगुळीत तळाचा बूट पायात असला तर कठड्याचीच सोबत.

आता फळीकडे जरा जवळून बघू. पाइनची फळी दाबाखाली औषध मुरवून आणतात. त्यामुळे वाळवी आणि बुरशी बाहेरून लागत नाही. पण साइटवर फळी कापली की कापलेल्या टोकाला कोरं लाकूड उघडं पडतं. स्क्रूसाठी भोक पाडलं की तिथेही तेच. पाणी बरोबर तिथूनच शिरतं, कारण लाकूड आपल्या रेषांच्या टोकाकडून पाणी पितं. चार-पाच हिवाळे गेले की फळी वरून ठणठणीत दिसते आणि स्क्रूच्या भोवती भुसभुशीत झालेली असते. पाय पडला की स्क्रूचं डोकं वर राहतं, फळी खाली जाते. खांब थेट मातीत पुरलेला असेल तर तो जमिनीच्या पातळीलाच कुजतो, ना वर ना खाली, कारण हवा आणि ओल दोन्ही तिथेच एकत्र येतात. म्हणून खांबाला लोखंडी बूट घालून तो खडकावर उचलून बसवावा लागतो. दोन फळ्यांमध्ये बोटभर फट ठेवली नाही तर पानांचा थर अडकतो, ओला राहतो आणि त्याखाली फळी सडते. फट जास्त ठेवली तर काठी अडकते. हे सगळं सुताराला माहीत असतं. अडचण अशी की घळीत सुतार, फळी आणि हत्यार माणसाच्या खांद्यावरून न्यावं लागतं. निविदेत बांधणीचा खर्च असतो. दर वर्षी स्क्रू आवळत फिरणाऱ्या दोन माणसांचा पगार सहसा नसतो.

आणि आग. पाइव्हाची वाट जूनमध्ये उघडली आणि त्याच सप्टेंबरमध्ये वणव्याने तिचा काही भाग जळाला. दुरुस्ती करून २०१६ मध्ये ती पुन्हा सुरू झाली, आणि त्या ऑगस्टमध्ये आरोकाच्या डोंगरात पुन्हा मोठा वणवा पेटला. लाकडी वाटेची खोड अशी की ती एकच लांब रेघ आहे. मधले दोनशे मीटर जळाले तर आठ किलोमीटर बंद, कारण अलीकडून आलेल्याला पलीकडे जाण्याची दुसरी सोय नाही. दगडी पायवाट जळत नाही. वणव्यानंतर तिच्यावर राख आणि घरंगळलेले धोंडे येतात, ते चार माणसं आठवड्यात बाजूला करतात.

वणवा का पेटतो हे नदीच्या काठावरच दिसतं. पोर्तुगालच्या जंगलातला सुमारे चौथा हिस्सा आज निलगिरीचा, कागदाच्या लगद्यासाठी लावलेला. दहा-बारा वर्षांत कापणी, बुंध्यातून पुन्हा फुटवा, पुन्हा कापणी. सालीच्या लांब पट्ट्या सुटून लोंबतात आणि पेटल्या की वाऱ्याबरोबर पुढच्या टेकडीवर जाऊन पडतात. ओढ्याच्या काठाने मिमोझा बाभूळ माजते. ती जळाली की जमिनीतल्या बियांना उलट जोरच मिळतो. २०१७ च्या जूनमध्ये मध्य पोर्तुगालमधल्या पेद्रोगाँव ग्रांदच्या वणव्यात ६६ माणसं गेली. त्यानंतर घरांभोवती ५० मीटर आणि रस्त्याकडेने १० मीटर पट्टा साफ ठेवण्याचा नियम कडकपणे राबवायला घेतला गेला. पण नियम कोणाला बजावायचा? उत्तरेत जमिनीचे तुकडे रुमालाएवढे. एका उताराचे वीस मालक, त्यांतले काही फ्रान्सला, काही स्वित्झर्लंडला, काही वारलेले आणि वारसांच्या नावावर न चढलेले. सातबाऱ्यावर आजोबांचं नाव बघण्याची सवय असलेल्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

अशा रानातून लाकडाची वाट न्यायची म्हणजे सरपणाच्या ढिगातून सुतळी नेण्यासारखं. पाइव्हाला ती जोखीम घेण्याचं कारण होतं. ज्या ओढ्याच्या काठाने दोन-तीनशे वर्षांची चक्कीवाल्यांची वाट आहे, तिथे त्याच वाटेच्या शेजारी फळ्या ठोकण्याचं कारण मला तरी सापडत नाही.

आरोकाने २०२१ मध्ये त्याच घळीवर झुलता पूल केला. लांबी ५१६ मीटर, म्हणून नावही तेच, नदीपासून उंची सुमारे १७५ मीटर, खर्च सुमारे २३ लाख युरो. पायाखाली लोखंडी जाळी, तिच्यातून थेट नदी. जगातला सर्वांत लांब पादचारी झुलता पूल म्हणून त्याची जाहिरात झाली, आणि जेमतेम वर्षभराने, मे २०२२ मध्ये, चेक प्रजासत्ताकात ७२१ मीटरचा पूल उघडला. विक्रम विकायला ठेवला की असं होतं. पूल सुंदर आहे, यात वाद नाही. पण पुलावर आलेला माणूस दहा मिनिटांत पलीकडे जातो, फोटो काढतो आणि बरेचदा संध्याकाळी पोर्तोच्या हॉटेलात असतो. पुलाजवळच्या आल्व्हारेंगा गावच्या खाणावळीत आरोकेझा या स्थानिक जातीच्या गाईगुरांचं मांस खाऊन गेला तर गावाला तेवढं पावलं.

इथे दुसऱ्या बाजूचं म्हणणं ऐकायला हवं, आणि ते कमकुवत नाही. लाकडी वाटेमुळे साठीच्या माणसाला, लहान मुलाला, डोंगर न चढलेल्या शहरी माणसाला नदी दिसते. हजारो पावलं मातीवर पडली असती तर उताराची धूप झाली असती. फळ्या माती वाचवतात. पाइव्हात गोड्या पाण्यातला मोत्याचा शिंपला राहतो, त्याला स्वच्छ रेव लागते, गाळ चालत नाही. त्याची पिल्लं काही काळ ट्राउट माशाच्या कल्ल्यांना चिकटून वाढतात, म्हणजे मासा गेला की शिंपलाही गेला. पर्यटकांना एका ठरलेल्या रेघेत ठेवणं या नदीसाठी चांगलंच. शिवाय वाट नसती तर आरोकाचं नाव देशाबाहेर कोणी घेतलं नसतं.

हे सगळं मान्य. पण यातला प्रत्येक मुद्दा गर्दीच्या नदीला लागू आहे. जिथे दिवसाला चाळीस माणसं येतील अशा ओढ्याला नाही. आणि नाव झाल्याने माणसं टिकतात का, याचं उत्तर जनगणनेत आहे. २०११ मध्ये आरोका तालुक्यात बावीस हजारांवर लोक होते, २०२१ मध्ये एकवीस हजारांच्या आसपास. वाटेमुळे लोक गेले असं कोणी म्हणणार नाही. वाट नसती तर कदाचित आणखी गेले असते. पण ‘पासादीसु आला की गाव वाचलं’ हे जे निविदेच्या प्रस्तावनेत लिहिलेलं असतं, त्याला या आकड्यांचा आधार नाही.

उत्तरेला, मिन्यु प्रांतात, व्हेझ नदीचं उदाहरण वेगळं आहे. आर्कुश द व्हाल्देव्हेझ तालुक्यातून जाणारी तिच्या काठची वाट सुमारे ३२ किलोमीटरची, तीन टप्प्यांत. शेवटचा टप्पा व्हिलेला ते सिश्तेलो, दहा किलोमीटरच्या आसपास. फळ्या आहेत, पण जिथे काठ खचलाय किंवा खडक उतरतो तेवढ्यापुरत्याच. बाकी वाट कोळ्यांची, गुराख्यांची आणि चक्कीवर मका नेणाऱ्यांची. व्हिलेलाचा मध्ययुगीन दगडी पूल अजून पायाखाली येतो. सिश्तेलोला पोचलं की डोंगर तालींनी कोरलेला दिसतो. कोकणात गडगा म्हणतात तशीच चुन्याशिवायची दगडी भिंत, तिच्या मागे भरलेली माती, त्यात मका. हा सगळा उतार २०१८ मध्ये राष्ट्रीय स्मारक म्हणून नोंदवला गेला. एखादा किल्ला किंवा मठ नोंदवावा तसा शेतांचा उतार. कल्पना उत्तम आहे, पण तिच्यात एक गोम आहे: किल्ल्याला रोज नांगरावं लागत नाही.

या उताराचं खरं यंत्र पाण्याचं आहे. डोंगरातून पाट काढलेले, आणि उन्हाळ्यात कोणाच्या शेताला किती तास पाणी हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. आपल्याकडे पाणीपाळी म्हणतात तेच. हिवाळ्यात तेच पाणी गवताच्या कुरणावरून पातळ पापुद्र्यासारखं वाहतं ठेवतात. वाहत्या पाण्यामुळे गवताला हिमाचा तडाखा बसत नाही आणि फेब्रुवारीत गुरांना हिरवा चारा मिळतो. पाट एका ठिकाणी बुजला की पाणी तालीच्या मागे मुरतं, मातीचं वजन वाढतं, भिंतीला पोट सुटतं आणि एका पावसात ती बसते. खालच्या भिंतीवर तिचा भार येतो, मग तीही. एका बुजलेल्या पाटातून चार शेतं जातात.

याच पाटावर चक्क्या. मिन्युची जुनी चक्की म्हणजे दगडी खोपटं, खाली पाण्यात आडवं चाक. चाकाला चमच्यासारखी पाती, मधून उभा दांडा, तो थेट जात्याच्या वरच्या दगडाला जोडलेला. मध्ये दातेरी चाक नाही, काही नाही. चाकाचा एक फेरा म्हणजे दगडाचा एक फेरा. दाणे वरच्या लाकडी पेटीतून उतरतात. पेटीला बांधलेला एक दांडका फिरत्या दगडावर खडखडत राहतो, त्या हादऱ्याने दाणे थोडे थोडे पडतात. खडखड हाच या यंत्राचा आवाज, आणि तो बदलला की काहीतरी बिनसलंय. दाणे संपले आणि दगड रिकामा फिरत राहिला तर दगडावर दगड घासतो, रेघा बोथट होतात. मग आपल्याकडे जातं टाकवून घ्यायचो तसं छिन्नीने रेघा पुन्हा काढाव्या लागतात. अनेक चक्क्या वारसांच्या सामाईक मालकीच्या असत, प्रत्येक घराचे दळणाचे तास ठरलेले. या पिठाची मक्याची भाकरवजा रोटी, ब्रोआ, अजून तिथे खातात. साधी गव्हाची ती ‘पाऊं’, म्हणजे आपला पाव. तो शब्द त्यांच्याकडूनच आपल्याकडे आला.

बंद चक्की आठ-दहा हिवाळ्यांत संपते. आधी छपराची कौलं सरकतात, मग पाणी दांड्याच्या खोबणीत शिरतं, मग चाकाची लाकडी पाती गळतात. दगड शंभर वर्षं तसाच पडून राहील, पण तो फिरवणारं लाकूड रोजच्या वापरानेच टिकतं. एका चक्कीचं छप्पर, पाट आणि चाक दुरुस्त करायला जेवढं लाकूड आणि मजुरी लागते, तेवढ्यात नव्या फळ्यांच्या वाटेचे फार मीटर होत नाहीत. पण चक्कीच्या दुरुस्तीला ड्रोनमधून दाखवण्यासारखं काही नसतं. शेजारच्या सुआझुत सामाईक खळ्यावर दगडी खांबांवर उभ्या २४ कणग्या आहेत, खांबाच्या माथ्यावर उंदीर चढू नये म्हणून चपटा दगड, सर्वांत जुनीवर १७८२ साल कोरलेलं. तिथे कोणी फळ्या ठोकल्या नाहीत. लोक खळ्यावर चढून बघतात, आणि खळं टिकून आहे.

तिसरं उदाहरण कोआ नदीचं, ईशान्येकडचं, आणि तिथे प्रश्न याहून मोठा होता. विला नोव्हा द फोझ कोआजवळ धरणाचं काम चालू असताना नदीकाठच्या शिस्ट खडकांवर हिमयुगातल्या माणसाने कोरलेले घोडे, रानबैल आणि डोंगरी शेळ्या सापडल्या. १९९४ च्या अखेरीस ही बातमी देशभर झाली. ‘चित्रांना पोहता येत नाही’ ही शाळकरी मुलांची घोषणा अजून लोकांच्या लक्षात आहे. १९९५ मध्ये सरकारने धरण थांबवलं, पुढच्या वर्षी पुरातत्त्व उद्यान झालं, डिसेंबर १९९८ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत नाव आलं. संग्रहालय मात्र २०१० मध्ये उघडलं.

कोआत चित्रं बघायला स्वतःहून जाता येत नाही. नोंदणी करावी लागते, आठ-दहा जणांना गाइड जीपने नेतो. तीन मुख्य जागा, आणि त्यांतल्या दोन ठिकाणी वेळ निवडताना चूक होते. कानादा दु इन्फेर्नु डाव्या काठावर, पूर्वेला तोंड करून, म्हणून सकाळी. पेनाश्कोझा उजव्या काठावर, म्हणून दुपारनंतर, आणि तिथली जीप संग्रहालयापासून न निघता कास्तेलु मेल्योर गावातून निघते. रेषा इतक्या बारीक की सूर्य डोक्यावर असला तर खडक कोरा दिसतो. तिरपा उजेड पडला तरच घोड्याची मान उठून येते. पेनाश्कोझाला रात्री दिव्याच्या तिरप्या झोतात दाखवतात, ते सर्वांत स्पष्ट. आणि रात्री दहाला नदीकाठावर उभा असलेला पाहुणा त्या रात्री पोर्तोला जात नाही. तो फोझ कोआत खोली घेतो, जेवतो, सकाळी तिथल्या वाण्याकडून बदाम घेतो. पाइव्हाच्या तिकिटाने जे होत नाही ते रात्रीच्या एका वेळापत्रकाने होतं.

तरीही फोझ कोआची लोकसंख्याही २०११ ते २०२१ या दशकात सात हजारांवरून सहा हजारांच्या घरात आली. धरण थांबवताना समृद्धीचं आश्वासन होतं, संग्रहालय यायला पंधरा वर्षं लागली, आणि तोवर एक पिढी निघून गेली होती. रेल्वेचं तर उलटंच झालं: दोरू नदीच्या काठाने जाणारा मार्ग आता पोसिन्युला संपतो, पुढचा बार्का द आल्व्हापर्यंतचा तुकडा १९८८ मध्येच बंद झाला. कोआचं जुनं स्टेशन त्या बंद तुकड्यावर. संग्रहालयापासून त्या स्टेशनपर्यंत आता लाकडी जिना उतरतो, सुमारे नऊशे पायऱ्यांचा. पायऱ्या उतरून माणूस जिथे पोचतो तिथे गाडी येत नाही.

मग पैसा कसा खर्चावा? पहिली अट, जिथे जुनी वाट आहे तिथे तिचीच दुरुस्ती; फळ्या फक्त खचलेल्या तुकड्यापुरत्या. दुसरी, नवी लाकडी वाट हवीच असेल तर निधीच्या अर्जात दहा वर्षांची देखभाल, दर वर्षी बदलायच्या फळ्यांचा हिशेब आणि दोन कायमच्या माणसांचा पगार लिहिल्याशिवाय मंजुरी नको. तिसरी, सरळ रेघेऐवजी दोन-तीन किलोमीटरचे फेरे, म्हणजे एक जळाला तर बाकीचे चालू राहतील. चौथी, वाटेच्या दोन्ही बाजूंचा पट्टा शेळ्यांना चरायला भाड्याने द्यावा. यंत्राने कापलेलं झुडूप दोन पावसाळ्यांत परत येतं, शेळी दर महिन्याला परत येते. पाचवी, तिकिटाच्या रकमेतला ठरावीक वाटा पाट साफ करणाऱ्या आणि गडगे बांधणाऱ्या घरांना, नावानिशी, कामाच्या मीटरमागे. आणि यश मोजायचं ते फाटकावरच्या तिकिटांनी न मोजता तालुक्यात काढलेल्या रात्रींनी.

यांतली पाचवी अट सर्वांत अवघड, कारण गडगा बांधू शकणारी माणसं उतारवयाची आहेत. कोणता दगड तळाला, कोणता तोंडाला, आणि भिंतीच्या पोटात बारीक खडी भरून पाण्याला वाट कशी ठेवायची, हे नकाशात लिहून देता येत नाही. त्यांच्या शेजारी दोन हंगाम उभं राहून शिकावं लागतं. सिश्तेलोसारख्या ठिकाणी शिकायला तयार असलेल्या मुलाला या दोन हंगामांचा पगार कोण देणार, हा प्रश्न पुढच्या फळीच्या निविदेआधी सुटायला हवा.